लागलं, बोला

आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्या जोडप्याची पक्की समजूत झाली आहे की समोरच्या आजींना विसरायचा आजार आहे. त्यांचा तरी काय दोष? त्यांनी मला बऱ्याचदा पाहिलंय: किल्ली माझ्याच कमरेला, दार मीच ओढून घेतलेलं, घरात चिटपाखरू नाही, आणि मी पायपुसण्यावर उभी राहून माझ्याच घराची बेल वाजवतेय. बेल वाजवून मी क्षणभर थांबते, मग किल्लीनं दार उघडते आणि दारातूनच घराकडे परक्या बाईसारखी टकमक बघते. परवा त्या पोरीनं मोठ्या मायेनं विचारलं, "आजी, कोणाला बोलवायचंय का?" मी म्हटलं, "नको गं. मी पाहुणी आलेय." बिचारी घाबरून आत गेली.

ही सवय माझी नाही, धुळ्याच्या अक्काची आहे. अक्का गेली. सवय माझ्याकडे राहिली.

अक्काला मी पाहिलं फार उशिरा, पण ऐकलं लग्नानंतर लगेच. मी दोंडाईच्याची, दिली जळगावात. तेव्हा माहेरी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल नोंदवायचा आणि फोनशेजारी बसून राहायचं. जळगावच्या एक्स्चेंजमधून कॉल धुळ्याला जायचा आणि धुळ्याची ऑपरेटर तो पुढे दोंडाईच्याला जोडायची. आमच्या आईच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या मिरचीच्या व्यापाऱ्याकडे होता. आई त्याच्या गोदामातून धावत यायची आणि पहिलं मिनिटभर नुसती शिंकायची. त्या शिंकांच्या आधी एक आवाज यायचा. खणखणीत, तरीही कुठेतरी ओलसर. "जळगाव, लागलं. बोला."

बाईंनी "बोला" म्हटल्यावर मी बोलायची, पण काय? माझी त्या वेळची अक्कल सांगते. सासूबाई शेजारच्याच खोलीत. त्यांच्याबद्दल आईला सांगायचं तर होतंच. म्हणून मी एक गुप्त भाषा काढली होती. सासूबाईंना म्हणायचं म्हैस. "आई, म्हशीनं आज चारा तोंडात घेतला नाही." म्हणजे सासूबाई रुसून जेवल्या नाहीत. "म्हैस शिंग उगारते" म्हणजे राखीला माहेरी पाठवायचं नाव काढत नाहीत. मी स्वतःला भलतीच चतुर समजत होते. एकदा सासूबाईंनी आतून विचारलंही, "कोनी म्हैस वं?" मी तोंडावर पदर घेऊन म्हटलं, "आईकडची." आईकडे म्हैस नव्हती. कधीच नव्हती. आणि सासूबाईंना ते माहीत होतं, हे मला पुढे पंधरा वर्षांनी कळलं.

मला दाट संशय होता की ती धुळ्याची बाई मधे कान लावून सगळं ऐकते. म्हणून मी म्हशीची भाषाही आणखी अवघड करत गेले. शेवटी तर आईलाच काही कळेना. "तू नीट सांग गं, म्हैस आजारी आहे की आनंदात?" असं ती शिंकत शिंकत विचारायची. एकदा मात्र मी काहीच बोलले नाही, नुसती रडले. तिकडे आईही रडली. वेळ संपली तेव्हा त्या आवाजानं नेहमीसारखं सांगितलं, "जळगाव, तीन मिनिटं झाली." आम्ही डोळे पुसून फोन ठेवायच्या तयारीत होतो, पण लाइन तुटली नाही. कितीतरी वेळ तुटली नाही. आम्ही दोघी एकमेकींचं नाक ओढणं ऐकत बसलो.

पुढे घरोघरी फोन आले, ट्रंक कॉल गेले, सासूबाईही गेल्या. मी स्वतः सासू झाले, म्हणजे कोणाच्या तरी फोनवरची म्हैस झाले. एकदा धुळ्याला एका लग्नात पंगतीत बसले होते. मागून कुणीतरी वाढप्याला म्हणालं, "इकडे कोणी वाढलंच नाही. बोला!" माझा हात ताटावरच थांबला. मी वळून पाहिलं. उंच, ताठ, मोठं कुंकू, जरीचा काठ अंगावर मिरवणारी बाई. मी म्हटलं, "तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होतात का हो?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी बोललेलं एकच वाक्य होतं. तेवढ्यावर तिनं डोळे बारीक केले आणि भर पंगतीत विचारलं, "तूच ना ती जळगावनी? म्हैस कशी शे तुनी?"

ही अक्का.

त्या दिवसापासून मला तिनं नावानं कधी हाक मारली नाही. मी 'जळगाव'. तिचा सुरतेला असलेला धाकटा दीर 'सुरत', सून 'चाळीसगाव', कारण तिचं माहेर तिकडचं. आणि नवरा? नवऱ्याला ती 'लोकल' म्हणायची. "त्यांना नोंदणी लागत नाही, हाक मारली की लागतात." लोकल म्हणजे अत्यंत शांत गृहस्थ. ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणायचे, "लागतो, पण समोरून बोलू देत नाही." मग पुन्हा वर्तमानपत्रात.

अक्का नम्र नव्हती. हे आधीच सांगते, कारण गेलेल्या माणसांना लोक उगीच नम्र करून टाकतात. तिला आपल्या आवाजाचा, आपल्या उंचीचा, आपल्या पुरणपोळीचा आणि आपल्या डोक्याचा बेसुमार अभिमान होता. एक्स्चेंजमध्ये कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्या बायकांनी लवकर निवृत्ती घेतली. ही म्हणाली, "मी काय त्या डब्याला घाबरू?" आणि प्रशिक्षणाला जाऊन बसली. निवृत्तीनंतर तिनं स्वतःच्या भाऊबंदांची वेबसाइट बनवली, मग कॉलनीची, मग एका मंगल कार्यालयाची. त्या कार्यालयाच्या मालकाला ती अशी झापायची की तो तिला पाहून गाडीवरून उतरायचा.

घरी पाहुणे येणार असले की अक्काचा एक विधी असे. सगळं आवरून झालं की ती पायात चपला घालायची, फाटकाबाहेर जायची, फाटक लावायची आणि परत येऊन स्वतःच्या घराची बेल वाजवायची. लोकलनी दार उघडायचं आणि तिनं उंबऱ्यात उभं राहून पाहायचं. "हे बघ, इथून ते जाळं दिसतं. आतून दिसत नव्हतं." मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा हसून खुर्चीतून पडायची राहिले. ती गंभीरपणे म्हणाली, "आपलंच घर, पन भायेरथून देख. घरातल्या माणसाला घर कधी दिसत नाही, जळगाव."

आता माझ्या ब्लॉगकडे येते. तेव्हा मी तरुण होते, म्हणजे बासष्ट वर्षांची. सूनबाईंनी मला ब्लॉग काढून दिला, वर्डप्रेसवर लिहायचं कसं ते शिकवलं आणि आपली सुटका करून घेतली. नाव ठेवलं 'खापर'. आमच्या खानदेशात मांडे उलट्या खापरावर भाजतात, त्यावरून. मी त्यावर कळण्याची भाकरी लिहिली, बिबडे लिहिले, भरीत लिहिलं, भरताच्या वांग्याबद्दल दोन भागांत भांडण लिहिलं. वाचक बेताचे. मी रोज सकाळी उठून आकडा बघायची आणि चहा पिऊन परत बघायची, मधल्या काळात निम्मा महाराष्ट्र उठला असेल या आशेनं. आकडा वाढला असेल तर त्यात निम्म्या वेळा मीच असायची.

मग अक्कानं तिची गाणी दिली.

कानबाईची गाणी. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, दागिने, फुलांचा मखर. भाऊबंदांतल्या प्रत्येकाच्या नावानं मूठमूठ गहू घेऊन दळायचे आणि त्याचे रोट करायचे. ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. म्हणून जिथं असेल तिथून माणूस त्या दिवशी घरी येतो. आणि रात्रभर गाणी. अक्काच्या घरी कानबाई बसवताना पहिली ओळ अक्का उचलायची. ती ओळ उचलायची तेव्हा गल्लीतल्या बायका हातातलं टाकून यायच्या. मी तिच्या घरच्या कानबाईला पहिल्यांदा गेले तेव्हा मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. हीच बाई मला "तीन मिनिटं झाली" म्हणायची? त्या आवाजात असं काही होतं की आपण लहान असताना ज्या ज्या बायका गात होत्या त्या सगळ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्यासारखं वाटायचं. मी मागे वळून पाहिलंसुद्धा. मागे लोकल होते, ताटात फुलं घेऊन.

मी तिची गाणी फोनवर रेकॉर्ड केली, खाली शब्द लिहिले आणि ब्लॉगवर एक पान केलं. वर त्या वर्षीच्या कानबाईची तारीखही टाकली. पहिल्या वर्षी थोड्या बायकांनी ऐकलं. दुसऱ्या वर्षी कुणी कुणाला पाठवलं देव जाणे, कानबाईच्या रविवारी संध्याकाळी ब्लॉगच बंद पडला. पांढऱ्या पानावर नुसतं 'सेवा उपलब्ध नाही'. सुरतेहून, नाशकाहून, पुण्याहून बायकांचे फोन. "मावशी, गाणं लागत नाही, आम्ही कानबाईसमोर नुसत्या बसलोय." मी काय करणार? मी मॉनिटरला उदबत्ती ओवाळली. खोटं नाही. मॉनिटरला.

पुढच्या आठवड्यात अक्का एसटीनं जळगावला आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "तुला कॅश प्लगइन बसवायचंय." कॅश म्हटल्यावर माझे डोळे चमकले. मला वाटलं आता ब्लॉगचे पैसे सुरू होणार. तिनं कपाळाला हात लावला, "पैशाची नव्हे, साठवणीची कॅश. प्लगइन म्हणजे ब्लॉगला वरून जोडायचा जादा भाग," म्हणाली आणि एक गोष्ट सांगितली.

चाळीसगावहून धुळ्याला पॅसेंजर यायची. ती उशिरा असली की अख्खं धुळं एक्स्चेंजला फोन करायचं, स्टेशन जोडून द्या म्हणून. स्टेशनात फोन एक. तो माणूस फोन ठेवायच्या आत दुसरा वाजायचा. त्याला सिग्नल बघायलाच वेळ मिळेना, लाइन सदा व्यस्त, लोक चिडलेले. अक्कानं काय केलं? स्टेशनला एकदाच विचारलं, "गाडी कुठं आहे?" आणि नंतर जो फोन करील त्याला स्वतःच सांगितलं, "गाडी शिरूडहून सुटली. ठेवा."

"नियमात बसत नव्हतं," ती म्हणाली. "आमचे साहेब ओरडले. पण स्टेशनवाला श्वास घ्यायला लागला. तुझा सर्व्हर म्हणजे तो स्टेशनवाला. बठ्ठा लोक एकच इचारी ऱ्हायनात. तो प्रत्येकासाठी नवं पान जुळवतो, आणि रविवारी तोंडाला फेस येऊन पडतो. प्लगइन म्हणजे मी. पान एकदा जुळवून घ्यायचं, आणि जो येईल त्याच्या हातात तयार ठेवायचं."

मी म्हटलं, "आणि गाडी मधेच जोरात पळाली तर?"

अक्कानं पहिल्यांदा माझ्याकडे जरा आदरानं बघितल्यासारखं वाटलं. "पळाली ना एकदा. मी तासभर तेच सांगत बसले. गाडी कधीचीच येऊन उभी. आमच्या साहेबांचे सासरे ट्रंकेवर बसून, आणि साहेब घरी दाढी करतायत! त्यानंतर मी दर थोड्या वेळानं स्टेशनला पुन्हा विचारायला लागले."

मग तिनं मला ते बसवायला लावलं. स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. "मी हात लावणार नाही. मी नसले की काय करशील?" आधी बॅकअप घ्यायला लावला. मग प्लगइनच्या यादीत शोध, बसव, चालू कर. एका चौकटीत पानाचं आयुष्य किती ठेवायचं असं विचारलं होतं. मी मोठ्या उत्साहानं एक वर्ष लिहायला निघाले. अक्का म्हणाली, "वर्षभर ठेवलेली पुरणपोळी खाशील? आयुष्य बेतानं ठेव. उपयोगापुरतं." मी आठवडा लिहिला.

ती एसटीत बसली आणि माझ्यातली साठीतली अल्लड मुलगी जागी झाली. यादीत तसलंच दुसरं प्लगइन दिसलं, त्याला तारे जास्त होते. एका रजईनं ऊब येते तर दोन बऱ्या, असा विचार करून मी तेही चालू केलं. ब्लॉग गायब. नुसता पांढरा पडदा, आत जायलाही वाट नाही. मी अक्काला फोन केला तेव्हा ती एसटीत होती. ती जे ओरडली ते अर्ध्या गाडीनं ऐकलं असणार. "एका बोर्डावर दोन ऑपरेटर बसवल्यास? दोघी एकाच वायरीला ओढतायत!" मग तिथूनच, कंडक्टरला गप्प बसवत, तिनं मला, ब्लॉग जिथे ठेवलेला असतो त्या होस्टिंगच्या फाइलींपर्यंत चालवत नेलं आणि दुसऱ्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायला लावलं. "पाटी बदलली की वर्डप्रेसला ते घर सापडत नाही. बदल. झालं? आता ब्लॉग उघड." उघडला. तिच्या शेजारच्या सीटवरचा एक अनोळखी माणूस फोनमध्ये ऐकू येईल असा म्हणाला, "लागलं का हो बाईंचं?"

पुढच्या कानबाईला पान उभं राहिलं. जरासुद्धा डगमगलं नाही. मला वाटलं मी शिकले.

त्याच्या पुढच्या वर्षी मी आमच्या खास पद्धतीची चूक केली. पानाच्या वर तारीख टाकताना नागपंचमीनंतरचा पहिला रविवार सोडून त्याच्या पुढचा लिहिला. दुपारी लक्षात आलं, लगेच दुरुस्त केलं, उघडून पाहिलं, नवी तारीख झकास दिसत होती. मी गावभर सांगत सुटले की पान बघा, तारीख पानावर आहे. दोन दिवसांनी अक्काचा फोन. "जळगाव, सुरतनी कोणत्या रविवारचं रिझर्व्हेशन केलंय माहीत आहे?" सुरतचं सगळं घर चुकीच्या रविवारी येणार होतं. त्यांच्या नावाच्या मुठी गव्हात पडणार आणि माणसं सुरतेत.

मी म्हटलं, "अक्का, पानावर बरोबर आहे. माझ्यासमोर उघडं आहे!"

"तुला बरोबर दिसणारच. तू आत लॉगिन करून बसलीस. तू घरची. घरच्या माणसाला ते ताजं वाढतं. तयार ठेवलेलं जातं पाहुण्याला."

"म्हणजे पाहुण्याला शिळं आणि घरच्याला ताजं? कुठली ही रीत!"

"कॉम्प्युटरची रीत. म्हणून सांगते, बाहेर जा, बेल वाजव आणि पाहुणी होऊन आत ये."

मी लॉगआउट केलं आणि परक्या बाईसारखा माझा ब्लॉग उघडला. जुनी, चुकीची तारीख, मोठ्या ठळक अक्षरांत. मी काही बदललं की माझ्याच प्लगइननं स्वतः होऊन जुनं तयार पान टाकून द्यायला हवं होतं, पण सेटिंगमधल्या त्या चौकटीत मी कधी खूण केलीच नव्हती. त्या क्षणी मला धुळ्यातलं ते फाटक, ती चपला घालून बाहेर जाणारी बाई, तो उंबरा, सगळं एकदम दिसलं. मी त्यावर इतकी वर्षं हसत होते. अक्कानं सांगितलेलं बटण दाबून साठवलेलं सगळं पुसलं, ती खूण केली, पुन्हा बाहेरून आले. तारीख बरोबर. सुरतनी रिझर्व्हेशन बदललं आणि अक्कानं त्यांना यायला लावलंच, उभं राहून का होईना.

त्या थंडीत अक्काच्या घशात काहीतरी निघालं. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला.

मी भेटायला गेले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आपण खूप बोलायचं, म्हणजे तिला कमी जाणवेल. ती उशीला टेकून बसली होती, गळ्याला पांढरी पट्टी. मी अर्धा तास वटवट केली. शेवटी तिनं फोन उचलला आणि समोरच बसलेल्या मला मेसेज टाकला: "तीन मिनिटं झाली." मी हसले आणि मग हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. लोकल उठून बाल्कनीत गेले.

आवाज गेला, हुकूम राहिले. घरातल्या सगळ्यांना मेसेज, तेही अहिराणीत. "चाळीसगाव, दूध उतू जाई ऱ्हायनं." "लोकल, गोळी." लोकल म्हणायचे, "पूर्वी हाक ऐकू आली नाही असा बहाणा तरी करता यायचा. आता दोन निळ्या खुणा दिसतात."

पण श्रावण जवळ यायला लागला तसं तिच्या घरात एक गोष्ट कुणी बोलेना. कानबाईसमोर पहिली ओळ कोण उचलणार? सून म्हणाली मला येत नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, अक्का समोर बसलेली असताना आम्ही? नको बाई. शेवटी अक्कानंच मला मेसेज केला: "जळगाव, यंदा माझ्या घरीही तुझ्या पानावरूनच गाणार. पान पडता कामा नये." त्याखाली दुसरा: "माझ्याकडे दुसरा आवाज नाही."

मी इतकी घाबरले नव्हते माझ्या लग्नात. इतर घरांचं पान पडलं तर फोनवर गाऱ्हाणी येतील. तिच्या घरी पडलं तर ती गप्प बसलेली असेल आणि देवी समोर.

शुक्रवारीच धुळ्याला जाऊन राहिले. अक्का मांडीखाली हात दाबून माझ्या शेजारी बसली. मी बॅकअप घेतला, साठवलेलं सगळं पुसलं, मग आधीपासून पानं जुळवून ठेवण्याचं बटण असतं ते दाबलं, म्हणजे रविवारी पहिल्या बाईलाही वाट बघावी लागणार नाही. लॉगआउट केलं. बाहेरून आले. तारीख बरोबर, गाणी बरोबर. अक्कानं माझ्या डोक्यावर टपली मारली. तिच्याकडून एवढंच मिळायचं.

रविवारी संध्याकाळी कानबाई बसली. मखर, केवडा, पुरणाचा वास, ओलसर साड्यांची गर्दी. सगळे भाऊबंद आलेले, सुरतसुद्धा. गाणी सुरू होण्यापूर्वी मला फोनवर पानात एक चूक दिसली. एका ओळीत 'कानबाई'चा काना राहिला होता. देवीच्या नावात! मी पटकन दुरुस्त करायला गेले आणि माझ्या मनगटावर अक्काचा हात पडला. घट्ट. तिनं मान हलवली. माझ्या लक्षात आलं: आत्ता पान बदललं की साठवलेलं सगळं गळून पडणार आणि गावोगावच्या बायका एकाच वेळी स्टेशनवाल्याच्या अंगावर. मी हात मागे घेतला. देवीनं त्या वर्षी एक काना सोसला.

फोन देवीसमोर पाटावर ठेवला. मी पान उघडलं. एका क्षणात उघडलं. मी गाण्यावर बोट ठेवलं.

आणि अक्काचा आवाज आला.

तो आवाज आमच्यात बसलेल्या बाईचा होता आणि तिच्याकडे तो नव्हता. पहिली ओळ तशीच उचलली, तशीच टांगून ठेवली, पुढचं तुम्ही घ्या म्हणून. दुसऱ्या ओळीला सून उठली. तिला येत नव्हतं म्हणे! मग म्हाताऱ्या, मग सगळ्या. त्याच वेळी सुरतच्या बायकोचा फोन वाजला. प्रवास झेपत नाही म्हणून मागे राहिलेली तिची दुसरी जाऊ तिकडून किंचाळत होती, "लागलं गं, आमच्याकडेही लागलं! अक्का गाते!" नंतर माझ्या फोनवर मेसेजांची रांग लागली. नाशिक, लागलं. पुणे, लागलं. शिरपूर, लागलं. मला वाटलं, धुळ्याचा बोर्ड पुन्हा एकदा चालू झालाय आणि सगळे दिवे एकाच वेळी पेटलेत.

अक्काला दाखवावं म्हणून वळले. अक्का जागेवर नव्हती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. दिवाळीनंतर गेली, मला कळवायला मेसेज लोकलनी केला. तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्यासाठी अक्का शेवटची दिसते ती त्याच संध्याकाळी, खिडकीतून.

ती दाराबाहेर उभी होती. चपला घातलेल्या, फाटक लावलेलं, पदर नीट खोचलेला. आत तिचा आवाज गात होता आणि बायका मागून उचलत होत्या. तिचा हात बेलच्या बटणाशी होता, पण दाबत नव्हता. ओठ हलत होते, ओळीबरोबर ओळ. एकदा तिनं भुवई वर केली. पुढची जागा तिला पसंत पडली नसावी, किंवा फारच पसंत पडली असावी. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी थांबलं. तिनं त्याच्याकडे न बघता बोट ओठांवर ठेवलं.

गाणं संपलं, तेव्हा बेल वाजली.

मीच जाऊन दार उघडलं. अक्का उंबऱ्यात उभी राहून आत बघत होती, मखराकडे, भाऊबंदांकडे, पाटावरच्या फोनकडे, अगदी पहिल्यांदाच आल्यासारखी. कुठे जाळं दिसतंय का म्हणून मी तिच्या नजरेमागे पाहिलं. तिनं मान डोलावली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण ते शब्द मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकले होते की आवाजाची गरज नव्हती.

"जळगाव, लागलं. बोला."

आणि मला काही बोलता येईना. आम्ही दोघी दारात तशाच उभ्या राहिलो, आणि लाइन कुणीच तोडली नाही.